अनोळखी नंबर आणि आर्डिसबाई

जिच्याबद्दल आर्डिसबाईंना मत नाही अशी वस्तू आमच्या तळ्याकाठच्या 'लेक आर्ने' गावात अजून यायची आहे. दारावर पडदा बसवलेला फ्रिज दुकानात आला तेव्हा त्या म्हणाल्या, "दार उघडलं की दूध दिसतं. त्यापुढे मला काय सिनेमा बघायचाय?" हाक मारली की उत्तर देणारा डबा भाचीने नाताळात भेट दिला, तो त्यांनी दुसऱ्याच दिवशी परत केला. "नॉरिस इतकी वर्षं शेजारी बसून माझं ऐकत नाही, आणि हा मेला न बोलावता ऐकतो. दोघांतला एक निवडायचा तर मी नॉरिस निवडते. निदान तो माझं बाहेर कोणाला सांगत तरी नाही." नॉरिस म्हणजे त्यांचा नवरा. तो तेव्हा तिथेच बसला होता आणि त्याने खरोखरच ऐकलं नव्हतं.

ही मतं त्या ओट्यावर बसून सांगत नाहीत, रेडिओवर सांगतात. आमचं स्टेशन म्हणजे मक्याच्या शेताच्या कडेला एक मनोरा आणि खाली दोन खोल्या. सकाळी नऊला बाईंचं अर्ध्या तासाचं 'देवघेव' लागतं. लोक फोन करतात, घरात काय जास्तीचं आहे आणि काय हवंय ते सांगतात, आपला नंबर देतात आणि फोन ठेवतात. बर्फ ढकलायचं यंत्र, मांजरीची पिल्लं, एकदाही न घातलेला लग्नाचा झगा. झग्याबद्दल जास्त विचारायचं नाही असा नियम. शेवटची दोन मिनिटं बाईंच्या मताची. निम्मं गाव त्यासाठीच रेडिओ लावतं, आणि त्या दोन मिनिटांच्या मागची-पुढची जागा विकून मी पोट भरतो. मी ड्वेन. स्टेशनच्या जाहिराती मी आणतो. बाई माझी ओळख करून देतात ती अशी: "हा ड्वेन. जाहिराती विकतो, पण तसा मुलगा वाईट नाही." माझी साठी जवळ आलीय.

मला मुलगा म्हणायचा हक्क त्यांना आहे. रेडिओवर यायच्या आधी त्या शाळेच्या स्वयंपाकघरात होत्या. गावातल्या बहुतेकांच्या ताटात त्यांच्या डावाने वाढलेलं पडलंय, आणि सोबत "आधी मटार, मग केक" हेही. त्यामुळे बँकेचा मॅनेजर असो की चर्चच्या पाद्रीबाई, आर्डिसबाईंचा आवाज आला की सगळ्यांची पाठ आपोआप ताठ होते.

जाहिरातींवरून आमचं जुनं भांडण. मी म्हणायचो, "बाई, तुम्ही जाहिरातींना शिव्या घालता, आणि तुमचा कार्यक्रम चालतो जाहिरातींवर."

"तुझ्या जाहिरातींना कोण शिव्या घालतंय?" त्या म्हणायच्या. "पशुखाद्यवाला रेडिओवर म्हणतो माझा माल चांगला, आणि रविवारी चर्चमध्ये माझ्या पुढच्या बाकावर बसतो. खोटं बोलला असेल तर त्याच्या मानेवरून मला कळतं. पण फोनमधला तो कोण? तो कधी माझ्या पुढच्या बाकावर बसलाय?"

हेच त्यांचं सगळं तत्त्वज्ञान. मागणाऱ्याने तोंड दाखवावं. बहीण वारली तेव्हा त्यांनी फोनवर थडग्याच्या दगडांचे भाव बघितले होते, एकदाच. मग हवामान उघडलं तरी दगड, पाककृती उघडली तरी दगड. "काल तर सांगतो, जोडी घेतलीत तर सवलत," बाई रेडिओवर म्हणाल्या. "मी आता नॉरिसपासून फोन लपवून ठेवते." त्यानंतर नॉरिसला जो भेटेल तो विचारायचा, काय रे, तब्येत बरी ना?

एका मताने मात्र गाव बदललं. हेझल नावाची आमची एक म्हातारी आहे, तिला एके दुपारी फोन आला. पलीकडे रडणारा आवाज: आजी, मी तुरुंगात आहे, कोणाला सांगू नकोस, पैसे पाठव. नंबर आमच्याच भागातला, पहिले तीन आकडे आमच्याच गावचे. ती कोट चढवून बँकेत निघालीसुद्धा. वाटेत तिला तिचा तो नातू पेट्रोल भरताना दिसला म्हणून वाचली. चोरांनी आता आमच्या गावचे आकडेही पांघरायला घेतले होते.

दुसऱ्या दिवशी बाईंनी दोन मिनिटांची पाच केली. मी मध्ये एक जाहिरात लावायला गेलो तर काचेतून असं बघितलं की माझा हात मागे आला. "ऐका," त्या म्हणाल्या. "अनोळखी नंबर उचलायचा नाही. नुसतं उचलायचा नाही असं नाही, तो वाजताच कामा नये. लायब्ररीत जा, तिथली ग्रेचन फोनमध्ये तशी व्यवस्था करून देईल. ज्याला खरंच काम असेल तो निरोप ठेवील."

आधी मटार, मग केक. शनिवारी लायब्ररीसमोर गाव रांगेत उभं होतं, सगळ्यात पुढे स्वतः बाई. आणि फोन गप्प झाले. गाडीच्या विम्याचे, छपराचे, पाठदुखीच्या पट्ट्यांचे, सगळे गप्प. लोक दुपारी झोपायला लागले. मीही लागलो. बाईंना गावाने एवढा दुवा दिला की त्या आठवडाभर फुलून होत्या.

पुढच्या हिवाळ्यापर्यंत 'देवघेव' वाळायला लागलं. आधी लक्षात आलं नाही. मग कोणी कोणी म्हणायला लागलं, बाई, सोफा सांगितला होता, कोणी विचारलं नाही. पिल्लं सांगितली होती, ती आता मांजरं झाली. अर्ध्या तासाला फोन पुरेनात. बाई जुन्या आठवणी सांगून वेळ भरायच्या, आणि आठवणी सांगायला लागल्या की समजावं, पाणी आटलंय.

स्टेशनचा मालक टेरेन्स शहरात राहतो. त्याची तीन स्टेशनं आहेत आणि आमचं त्यातलं शेंडेफळ. त्याने फोन करून गोडीत सांगितलं, "बाई, लोक आता असल्या वस्तू फोनवर चित्रं टाकून विकतात. नवीन वर्षापासून त्या वेळेला शहरातला तयार कार्यक्रम लावू. तुम्हीही दमला असाल."

"मी दमले का नाही ते मी सांगीन," बाई म्हणाल्या. पण फोन ठेवल्यावर त्यांनी टेबलावरचे कागद दोनदा सारखे केले. मग माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "ड्वेन, वस्तूंचं जाऊ दे रे. गावाला मी नकोशी झाले असले तर कोणीतरी तोंडावर सांगायला हवं होतं. एवढं वाढलं मी त्यांना."

मला खरंच वाईट वाटलं. म्हणून कॉफी आणली. कॉफी हे आमच्याकडे सगळ्यावरचं उत्तर आहे, आणि बहुतेक वेळा चुकीचं.

दोन दिवसांनी बाईंनी कधी केलं नव्हतं ते केलं. स्वतःच्या घरची वस्तू कार्यक्रमात सांगितली. नॉरिसची बर्फावरची खोपटी. तळं गोठलं की ती ओढत बर्फावर न्यायची, खोपटीच्या लाकडी तळातल्या भोकाखाली बर्फाला भोक पाडायचं, शेगडी पेटवायची आणि गळ सोडून दिवसभर काही न बोलता बसायचं. नॉरिस गावचा न्हावी. दुकान बंद केलं तेव्हा त्याने तिथली एक फिरती खुर्ची उचलून खोपटीत बसवली. मासे पकडताना तो आरामात गिरकी घ्यायचा. जन्मभर उभं राहून गुडघे गेले, आता खोपटी ओढणं आणि बर्फात भोक पाडणं त्याला जमेना. दोन हिवाळे ती अंगणात बर्फाखाली पडून होती आणि तो खिडकीतून तिच्याकडे बघायचा.

"फुकट आहे," बाई म्हणाल्या. "जो वापरील त्याला. वापरली नाही की लाकूड कुजतं."  नंबर दोनदा सांगितला, आपल्या फोनचा.

मला कळलं होतं की ही खोपटीची नाही, गावाची परीक्षा आहे. आमच्या तळ्यावर फुकट खोपटी, तीही नॉरिसने बांधलेली! लोक एकमेकांच्या अंगावर पडायला हवे होते. आठवडा गेला. एकही फोन वाजला नाही.

"झालं तर मग," बाई शुक्रवारी म्हणाल्या. "टेरेन्सने मला काढायच्या आत सोमवारी मीच निरोप घेते. ऐकणारं कोणी नसेल तर बोलायचं कोणासाठी?"

रविवारी चर्चच्या तळघरात नाताळाआधीचं जेवण होतं. बटाट्याच्या पातळ पोळ्या, मीटबॉल, शेवटी चॉकलेटच्या वड्या. आमच्याकडे ताटातला शेवटचा तुकडा कोणी घेत नाही. घेतला तर हावरट दिसतो. म्हणून जो येतो तो त्याचा अर्धा कापून घेतो, पुढचा त्या अर्ध्याचा अर्धा, आणि शेवटी ताटात डोळ्यांना दिसेल न दिसेल एवढा कण राहतो, तो भांडी घासणारा फेकतो. मी असाच एक पाव तुकडा कापत होतो तेव्हा शेजारी वेंडेल उभा राहिला. वेंडेल एकटा राहतो, बीटाची शेती करतो, आणि वर्षाकाठी बोलतो त्यातली निम्मी वाक्यं हवामानाची असतात.

"नॉरिसची खोपटी," तो ताटाकडे बघत म्हणाला, "चांगल्या माणसाला मिळाली ना?"

"कोणालाच मिळाली नाही. कोणी फोनच केला नाही."

वेंडेलने सुरी खाली ठेवली. "मी केला होता."

"काय सांगतोस? मग?"

"वाजला नाही. एक बाई बोलली, निरोप ठेवा. आर्डिस नव्हती, यंत्रातली होती."

"मग निरोप का नाही ठेवलास?"

त्याने माझ्याकडे असं बघितलं की जणू मी त्याला भर चर्चमध्ये सदरा काढायला सांगितला होता. "निरोप ठेवला की त्यांना उलट फोन करावा लागणार. कशाला त्रास? म्हटलं, गेली असेल एखाद्याला."

"परत करायचास की."

"दोनदा?" वेंडेल म्हणाला. "मागे लागल्यासारखं दिसतं ते."

मागून हेझल म्हणाली, "मीही केला होता. जावयासाठी. पण म्हटलं, वेंडेलला हवी असेल." पाद्रीबाई कॉफीची किटली घेऊन उभ्या होत्या, त्या लाल झाल्या. त्यांनीही केला होता. निरोप त्यांनीही ठेवला नव्हता, आणि त्या तर देवाला रोज निरोप ठेवतात. मी टेबलाटेबलावरून फिरलो. सोफा हवा असलेला माणूस सोफा विकणाऱ्याच्या पाठीला पाठ लावून जेवत होता. त्याने एकदा फोन केला होता, वाजला नव्हता, मग राहू दे म्हटलं होतं. समोर भेटल्यावर विचारायचं? छे! नाही म्हणायला लागलं तर त्या बिचाऱ्याला अवघडल्यासारखं होईल.

मी एकटा मोठ्याने हसलो. लोकांना वाटलं मला ठसका लागला.

बाई आत भांडी घासत होत्या. मी फडकं घेऊन शेजारी उभा राहिलो आणि सगळं सांगितलं. त्यांचे हात फेसात थांबले.

"तुमच्या फोनमध्ये न लागलेले फोन दिसतात, बघितले नाहीत कधी?"

"कशाला बघायचे? चोरांची हजेरी घ्यायला?" मग त्यांनी हात पुसले आणि फोन काढला. खाली खाली बोट फिरवत गेल्या. सगळे आमच्याच गावचे आकडे, नाव मात्र फोनमध्ये एकाचंही नोंदवलेलं नाही. आठवडाभर गाव त्यांचं दार वाजवत होतं आणि दार त्यांनीच असं बंद केलं होतं की आवाज आत येऊ नये.

"म्हणजे चूक माझी," त्या म्हणाल्या.

"बाई, गाव ऐकत नाही म्हणून तुम्ही रडत होतात. गाव जरा जास्तच ऐकतंय."

"मी रडत नव्हते," बाई म्हणाल्या. डोळे पुसले, तर साबण गेला आणि आणखी पाणी आलं.

सोमवारी मी काचेपलीकडे बसलो होतो. निरोपाचं भाषण लिहिलेला कागद त्यांनी कचऱ्याच्या डब्यात टाकलेला मी बघितला. नऊ वाजता त्या म्हणाल्या, "आज पहिली वस्तू माझ्याकडची. एक मत आहे, वापरलेलं. ते मी परत घेतेय."  शब्द परत घेणं त्यांना येत नव्हतं, सवयच नव्हती. "अनोळखी फोन उचलू नका म्हणाले होते. चोराला दार बंद करता करता मी शेजाऱ्यालाही बंद केलं. तुम्ही तरी किती शहाणे! सांगितलं म्हणून एवढं ऐकायचं असतं का?"

मग कामाचं बोलल्या. "रोज दहा ते अकरा. त्या तासात फोनची ती व्यवस्था काढायची आणि जो वाजेल तो उचलायचा. बाकी दिवसभर चोरांना कुलूप. त्या तासात चोराचा फोन आला तर घाबरायचं नाही, पैशाचं बोलला की ठेवायचा. तोवर आपल्याकडे जे जास्तीचं असेल ते त्याला विकायचं. आणि ज्याने एकदा केला आणि लागला नाही, त्याने दुसऱ्यांदा करावा. ते मागे लागणं नाही. मी आर्डिस सांगतेय."

दहा वाजता त्यांनी फोन टेबलावर ठेवला, पलीकडचं सगळ्यांना ऐकू येईल असा करून. नॉरिसही येऊन बसला होता. लगेच वाजला. बाईंनी नंबर बघितला, ओठ घट्ट केले आणि उचलला. पलीकडचा म्हणाला, तुमच्या संगणकाला विषाणू लागलाय. बाई म्हणाल्या, "लागला असेल. तुला खोपटी हवीय का?" त्याने ठेवून दिला. गावभर त्या तासात तेच चाललं होतं. गाडीचा विमा विकणाऱ्या एकाला हेझलने मांजरींची नावं, रंग आणि स्वभाव सांगितले. संध्याकाळपर्यंत ती सांगत होती, तो मुलगा फार छान बोलायचा, पण करड्या मांजरीपाशी आल्यावर त्याचा फोन कटला.

मग गावचे फोन सुरू झाले, आणि पुढची आफत समजली. पाद्रीबाई म्हणाल्या, मला हवी होती, पण हेझलच्या जावयाला द्या. हेझल म्हणाली, नको, वेंडेलला द्या. बँकेचा मॅनेजर म्हणाला, मला खोपटी नकोच, तुम्ही उचलता का ते बघत होतो. असे दोघे-तिघे निघाले. त्यातल्या एकाला "बरं, मग ठेव आता" म्हणत बाईंनी त्याचं नाव कागदावर लिहून घेतलं. नको असलेल्या माणसाला कोणी असा फोन करत नाही.

पण खोपटी कोणी घेईना. वेंडेलचा फोन आला तेव्हा बाईंचा धीर सुटला. "वेंडेल, तूही दुसऱ्याचं नाव घेतलंस तर मी तिला काडी लावीन. हवी का नको?"

पलीकडे वाऱ्याचा आवाज. "खुर्ची आत आहे ना?" वेंडेलने विचारलं.

"काढून ठेवलीय गोदामात. तुला अडचण नको."

"परत ठेव," वेंडेल म्हणाला. "खोपटी मी ओढीन. भोकही मी पाडीन. गाडी पार दारापर्यंत जाते बर्फावर, चालायचं नाही काही. पण त्या खुर्चीत मी बसणार नाही. ज्याची आहे तो शनिवारी मोकळा आहे का, विचार."

बाईंनी फोन खाली घेतला आणि नॉरिसकडे बघितलं. त्याला विचारायची गरज नव्हती. जन्मात पहिल्यांदा त्याने सगळं ऐकलं होतं. तो उभा राहून टोपी शोधत होता, शनिवार पाच दिवसांवर असताना.

टेरेन्सचं काय झालं ते थोडक्यात सांगतो. मी त्याच आठवड्यात गावात फिरलो आणि दहाच्या ठोक्याची जागा विकायला काढली. पशुखाद्यवाला, हार्डवेअरवाला, अंत्यविधीवाला, तिघे भांडले, म्हणजे आमच्या पद्धतीने भांडले: नाही नाही, तुम्ही घ्या. शेवटी तिघांना दिली. टेरेन्सने शहरातला तयार कार्यक्रम दुसऱ्या स्टेशनला लावला. बाईंनी अंत्यविधीवाल्याला अट घातली, जोडीची सवलत सांगायची नाही.

शनिवारी कार्यक्रम आटपून आम्ही बर्फावर गेलो. वेंडेलने शेगडी जेमतेम पेटवली होती, तरी आत घाम फुटत होता. नॉरिस खुर्चीत गळ धरून बसला होता आणि मधूनच पाव गिरकी घेऊन आमच्याकडे बघत होता, मासा आम्ही लपवलाय की काय अशा नजरेने. बाईंनी भांड्यातून गरम गरम जेवण वाढलं, मटार आधी. हेझलचा जावई दाराशी उकिडवा बसला होता. जागा नव्हती तरी पाद्रीबाई "मी उभी बरी" म्हणत होत्या.

तेवढ्यात बाईंचा फोन वाजला. दहा वाजून गेले होते, म्हणजे उचलायचा तास. अनोळखी नंबर. बाईंनी उचलला आणि सगळ्यांना ऐकू येईल असा धरला.

"नमस्कार," एक तरुण आवाज म्हणाला, "छपराबद्दल बोलायचं होतं. घरमालक बोलताहेत का?"

"थांब, विचारते," बाई म्हणाल्या. "अरे, घर कोणाचं?"

नॉरिसने वेंडेलकडे बोट दाखवलं. वेंडेलने नॉरिसकडे. जावई म्हणाला, माझं कसलं. पाद्रीबाई म्हणाल्या, छे छे, मी तर जातेच आता.

बाई फोनमध्ये म्हणाल्या, "बाळा, इथे कोणी कबूल व्हायला तयार नाही. तू घेतोस का?"

 मला वाटलं, आता ठेवणार. मग त्याने विचारलं, "मागे बर्फ तडकल्यासारखं वाजलं, माझ्या आजोबांच्या खोपटीतही असंच वाजायचं; बर्फावर आहात का तुम्ही? किती जाड आहे?"

बाईंनी नॉरिसला विचारून सांगितलं.